अंधाऱ्या खोलीत उमटलेले दोन चेहरे

छायाचित्रकलेचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक कॅमेऱ्याभोवतीच घुटमळतात. कोणते भिंग केव्हा निघाले, कोणत्या कंपनीने कोणता कॅमेरा बाजारात आणला, याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. परंतु काचेच्या आणि फिल्मच्या जमान्यात कॅमेऱ्याने टिपलेले चित्र लगेच कोणाच्याही दृष्टीस पडत नसे. ते काचेवर सुप्त राही. ते प्रकट व्हायला एक अंधारी खोली, दोनतीन तबके, लाल दिवा आणि धीर धरणारा माणूस लागे. छायाचित्र खऱ्या अर्थाने जन्म घेई ते तेथे, आणि ते कसे दिसावे याचा निवाडाही पुष्कळदा तेथेच होई. आज मोबाइलवर क्षणात फोटो पाहणाऱ्या मुलांना ही खोली ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहून ठेवावेत असे आम्हाला वाटले.

त्यासाठी आम्ही दोन चेहरे निवडले आहेत. एक लिझ्यूच्या संत तेरेजाचा आणि दुसरा तुरिनच्या प्रेतवस्त्रावरचा. दोन्ही आपल्या घराघरांत पोहोचले आहेत. प्रार्थनापुस्तकात खुणेसाठी ठेवलेल्या चित्रांत ते हमखास सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, अवघ्या तीनचार वर्षांच्या अवधीत, दोन हौशी छायाचित्रकारांनी ते काचेवर उतरवले. आणि दोन्हींच्या बाबतीत पुढे एकच प्रश्न उपस्थित झाला : यातला खरा चेहरा कोणता?

सेलिन मार्टिन ही तेरेजाची थोरली बहीण. वडिलांच्या निधनानंतर १४ सप्टेंबर १८९४ रोजी तिने लिझ्यूच्या कार्मेल मठात प्रवेश केला. तिच्या तीन बहिणी तेथे आधीपासूनच होत्या, आणि त्यांपैकी पोलिन त्या वेळी मठमाता होती. सेलिनने आपला कॅमेरा बरोबर आणला. कार्मेलच्या कडक नियमांत, जाळीआडच्या त्या जीवनात, कॅमेऱ्याला परवानगी मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. कुटुंबातलीच बहीण मठमाता नसती तर कदाचित दारातूनच तो परत गेला असता, आणि एका डॉक्टर संतेचा चेहरा जगाला केवळ ऐकीव वर्णनावरून कल्पावा लागला असता.

कॅमेरा होता १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेचा. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेचा शोध लावला नसता तर मठात छायाचित्रण शक्यच झाले नसते. कारण त्याआधी काच ओली असतानाच लेप देणे, चित्र घेणे आणि धुणे ही सर्व कामे काही मिनिटांत उरकावी लागत. कोरडी काच मात्र वाट पाहू शके. दिवसभराची प्रार्थना आणि कामे आटोपून सावकाश अंधाऱ्या कोपऱ्यात तिला हात घालता येई.

त्या काळी हौशी माणूस एन्लार्जर वापरत नसे. काच जेवढी, तेवढाच फोटो. काचेवरची उलटी प्रतिमा, म्हणजे निगेटिव्ह, लाकडी चौकटीत कागदाला घट्ट चिकटवून उन्हात किंवा दिव्यासमोर धरायची. काचेचा काळा भाग प्रकाश अडवतो म्हणून कागदाचा तेवढा भाग पांढरा राहतो. काच पारदर्शक असेल तेथे कागद काळा पडतो. उलट्याचे असे सुलटे होते. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. त्या वेळच्या काही कागदांवर चित्र उन्हातच हळूहळू गडद होत जाई आणि चौकटीचे झाकण किंचित उचलून ते किती आले हे पाहता येई. पापड वाळला की नाही हे पाहावे तसे.

तेरेजाचे चाळीसहून अधिक फोटो आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी बहुतेक सेलिनने मठात काढलेले आहेत. धर्मभगिनी कपडे धूत आहेत, अंगणात जमल्या आहेत, गवत वाळवत आहेत. १८९५ च्या जानेवारीत तेरेजाने स्वतः लिहिलेल्या नाटिकेत जोन ऑफ आर्कची भूमिका केली. त्या वेषातलेही तिचे फोटो आहेत. ७ जून १८९७ रोजी, क्षयाने ती खंगत चालली असताना, सेलिनने तिला पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवले. हातात बाळ येशूचे आणि पवित्र मुखाचे अशी दोन चित्रे आहेत. तिने धारण केलेले नावच ते होते : बाळ येशूची आणि पवित्र मुखाची तेरेजा. काच मंद, म्हणून प्रत्येक फोटोसाठी काही सेकंद निश्चल राहणे भाग होते. ताप अंगात असलेल्या स्त्रीला ते किती जड गेले असेल! एक फोटो मनासारखा आला नाही म्हणून दुसरा, मग तिसरा असे तीन फोटो त्या दिवशी निघाले. ३० सप्टेंबर १८९७ रोजी तेरेजा वारली. वय २४.

जोनच्या वेषातल्या फोटोची एक हकिगत फारशी सांगितली जात नाही, ती येथे सांगणे आवश्यक आहे. लिओ ताक्सिल नावाच्या एका फ्रेंच लेखकाने डायना व्हॉन ही बाई निर्माण केली होती. ती पूर्वी सैतानपूजकांत होती आणि जोन ऑफ आर्कच्या मध्यस्थीने तिचे परिवर्तन झाले, असे भासवून त्याने तिच्या नावे लेखन प्रसिद्ध केले. फ्रान्समधील कितीतरी भाविकांनी त्यावर विश्वास ठेवला. लिझ्यूच्या मठानेही ठेवला. तेरेजाने त्या बाईला पत्र लिहिले आणि सोबत तो फोटो गेला. १९ एप्रिल १८९७ रोजी, पुनरुत्थान सणाच्या सोमवारी, पॅरिसमधील भूगोल संस्थेच्या सभागृहात ताक्सिलने स्वतःच जाहीर केले की डायना व्हॉन कधी अस्तित्वातच नव्हती, आपण बारा वर्षे सर्वांना फसवत होतो. त्या सभेत पडद्यावर जो फोटो मोठा करून दाखवण्यात आला, तो तेरेजाचा आणि सेलिनचा होता. मठाच्या भिंतींआड बहिणीने प्रेमाने काढलेले चित्र उपहासासाठी जमलेल्या गर्दीपुढे भिंतीएवढे झाले! तेरेजाला ही बातमी कळली तेव्हा तिने डायनाच्या नावे आलेले पत्र फाडून बागेतल्या खतावर फेकून दिले. तिच्या आयुष्यातील श्रद्धेच्या काळोखाचा तो काळ होता; हा घाव किती खोल गेला असेल याचा विचार प्रत्येक वाचकाने करावा.

त्या सभेत वापरलेला प्रक्षेपक दिवा, ज्याला लोक जादूचा कंदील म्हणत, आणि डार्करूममधला एन्लार्जर ही सख्खी भावंडे आहेत. दोन्हींत दिव्याचा प्रकाश एका काचेतून जातो, भिंगातून पसरतो आणि समोरच्या पृष्ठभागावर मोठी प्रतिमा पडते. पडद्याच्या जागी प्रकाशाला संवेदनशील असा कागद ठेवला की झाला एन्लार्जर. अमेरिकेतील बाल्टिमोरचे चित्रकार डेव्हिड वुडवर्ड यांनी १८५७ मध्ये सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट घेतले होते. आरसा सतत सूर्याच्या दिशेने फिरवावा लागे आणि एका चित्राला तासच्या तास लागत. पुढे ब्रोमाइड कागद आला, विजेचा दिवा आला, आणि तासांचे सेकंद झाले.

तेरेजाच्या मृत्यूनंतर बरोबर एका वर्षाने 'एका आत्म्याची कथा' प्रसिद्ध झाली. पहिली आवृत्ती होती २००० प्रतींची. वाचकांची पत्रे येऊ लागली, तिचा चेहरा पाहण्याची मागणी होऊ लागली. येथे सेलिनने जे केले त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. तिने मूळ फोटो जसेच्या तसे दिले नाहीत. तिने त्यांवर हात फिरवला, रेषा मृदू केल्या, आणि फोटोंच्या आधारे स्वतः चित्रे काढली. हातात क्रूस आणि गुलाबांचा भार घेतलेली, कोट्यवधी प्रतींत छापली गेलेली तेरेजा ही सेलिनने १९१२ साली काढलेली आहे. आपल्याकडील देवळांतल्या तसबिरी आणि पुतळे बहुधा त्याच चेहऱ्यावरून आले. १९२७ साली फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने ती मिशनकार्याची आश्रयदात्री ठरली आणि तो चेहरा गोव्यापासून वसईपर्यंत अधिकच परिचित झाला.

सेलिनची बाजूही ऐकली पाहिजे. तिचे म्हणणे असे की कित्येक सेकंद स्थिर राहिल्याने बहिणीची मुद्रा ताठरली आहे. तिच्या चेहऱ्यावर क्षणोक्षणी बदलणारे भाव काचेने पकडलेच नाहीत. ज्या चेहऱ्याबरोबर आपण वाढलो तो आपल्याला अधिक माहीत आहे. यात खोटेपणा नाही. मात्र आमच्या मते तिने एक गोष्ट ओळखली नाही. फोटोत जी तेरेजा आहे तिचा जबडा रुंद आहे, डोळ्यांखाली थकवा आहे, ओठांवर निश्चय आहे. तिला पाहिले की तिचा 'लहान मार्ग' किती कठीण होता हे कळते. चित्रातल्या तेरेजाला पाहून तो सोपा वाटतो.

आता दुसऱ्या चेहऱ्याकडे वळू. तेरेजा वारली त्याला आठ महिनेही पुरे झाले नव्हते. इटलीतील तुरिन शहरात १८९८ च्या मे महिन्यात प्रेतवस्त्राचे सार्वजनिक दर्शन ठेवण्यात आले. वस्त्र तेव्हा सावॉय राजघराण्याच्या मालकीचे होते. त्याचा फोटो घेण्याची परवानगी राजा उम्बेर्तो पहिला याने दिली आणि काम सोपवले गेले सेकोंदो पिया या वकिलाकडे. पिया मूळचे आस्ती गावचे. पिएमोंत प्रांतातील जुनी देवळे आणि कलावस्तू यांचे फोटो घेण्याचा त्यांना ध्यास होता. पोटासाठी वकिली, प्रेमासाठी कॅमेरा.

२५ मे रोजीचा पहिला प्रयत्न फसला. विजेच्या प्रखर दिव्यांपुढे लावलेल्या दुधी काचा उष्णतेने तडकल्या. २८ मे रोजी रात्री ११ च्या सुमारास, कॅथेड्रल रिकामे झाल्यावर, पिया पुन्हा आले. आता वस्त्राच्या रक्षणासाठी त्याच्यापुढे जाड काच बसवलेली होती, म्हणजे प्रतिबिंबांची नवी अडचण. त्यांनी ५० बाय ६० सेंटिमीटरच्या दोन काचा वापरल्या, एक १४ मिनिटे आणि दुसरी २० मिनिटे उघडी ठेवून. मग मध्यरात्री ते अंधाऱ्या खोलीत शिरले.

त्या खोलीत काय झाले हे समजण्यासाठी निगेटिव्हचा नियम पुन्हा आठवावा. काच धुतली की तिच्यावर उलटा चेहरा यायला हवा : कपाळ काळे, डोळ्यांच्या खाचा पांढऱ्या. पियांनी लाल दिव्याच्या उजेडात काच द्रावणातून वर उचलली आणि त्यांना दिसला सुलटा चेहरा. नाक, कपाळ, गाल उजळ, खाचा गडद, मिटलेले डोळे, दाढी, शांत मुद्रा. त्यांच्या हातांना कंप सुटला आणि ती मोठी काच हातून निसटता निसटता वाचली, असे सांगतात. याचा अर्थ एकच होता. वस्त्रावरचे तपकिरी डाग स्वतःच निगेटिव्हसारखे होते, म्हणून त्यांचे निगेटिव्ह सुलटे झाले.

डार्करूममध्ये काम केलेल्या माणसाला यातील आणखी एक गंमत कळेल. पियांच्या काचेवरून नेहमीप्रमाणे कॉन्टॅक्ट प्रिंट काढली तर कागदावर काय येईल? पुन्हा वस्त्र, डागांसह, जसे डोळ्यांना दिसते तसे. काचेत दिसलेला तो चेहरा कागदावर आणायचा तर आधी काचेवरून दुसरी काच बनवावी लागते आणि मग त्या दुसऱ्या काचेवरून कागद. प्रार्थनापुस्तकातला आपल्या परिचयाचा चेहरा असा तीन वेळा उलटून आलेला आहे.

जून १८९८ च्या मध्यास ही वार्ता व्हॅटिकनच्या दैनिकातही झळकली. आणि त्याबरोबर संशयही आला. पियांनी काचेवर हात फिरवला, उजेड चुकीच्या बाजूने आला, काचेत दोष होता, असे आरोप झाले. एका सज्जन वकिलाने हे सर्व तीस वर्षांहून अधिक काळ ऐकून घेतले. आक्षेप घेणारे सगळे श्रद्धाहीन होते असे मात्र कोणी समजू नये. वस्त्र खरे नाही असे १९०० साली सर्वांत जोरकसपणे मांडणारे उलिस शेव्हालिए हे स्वतः धर्मगुरू आणि मोठे इतिहासकार होते. त्यांनी १३८९ सालच्या एका महागुरूंच्या पत्राचा आधार दिला, ज्यात हे वस्त्र चित्रकाराने रंगवल्याचे म्हटले होते. उलट, १९०२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वस्त्राच्या बाजूने बोलणारे इव्ह दलाज हे प्राणिशास्त्रज्ञ अज्ञेयवादी होते. धर्मगुरू विरुद्ध आणि अज्ञेयवादी बाजूने! इतिहासाला आपल्या सोयीच्या रांगा मान्य नसतात.

पियांची निर्दोषता १९३१ साली सिद्ध झाली. त्या वर्षीच्या दर्शनप्रसंगी ज्युझेप्पे एन्री या व्यावसायिक छायाचित्रकाराने, मध्ये काच न ठेवता, नवे फोटो घेतले. पंचाहत्तरीचे पिया तेथे उपस्थित होते. चेहरा तोच आला, अधिक स्पष्ट. काचांवर कोणताही हात फिरवलेला नाही, असे नोटरीने लिहून दिले. पिया आणखी दहा वर्षे जगले.

वस्त्राच्या वयाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो येथे लपवणे योग्य होणार नाही. १९८८ साली ऑक्सफर्ड, झुरिच आणि टुसॉन येथील प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी केली; धाग्यांचे वय १२६० ते १३९० या काळातले निघाले. त्या निष्कर्षावर नंतर वाद झाले आहेत. ख्रिस्तसभेने वस्त्राच्या अस्सलपणाविषयी निर्णय दिलेला नाही; पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या तुरिन भेटीत हा शोध शास्त्रज्ञांवर सोपवला आणि वस्त्राला शुभवर्तमानाचा आरसा म्हटले. पियांच्या काचेने वस्त्राचे वय सांगितले नव्हते. समोर जे होते ते तिने दाखवले, आणि या कामात वकीलसाहेबांनी स्वतःचे काहीही मिसळले नाही.

या दोन खोल्या एकमेकींपासून दूर होत्या, पण त्यांची गाठ पडली. १९०२ साली पॉल व्हिन्यों यांनी पियांच्या फोटोंवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. सेलिनच्या मामांकडून तो मठात आला. रात्रीच्या शांततेत तिने पाने उघडली आणि तो चेहरा पाहून ती भारावून गेली. बहीण ज्या पवित्र मुखाची उपासना करत वारली, ते बहिणीला न दिसलेले रूप तिच्यापुढे होते. पुढच्या काही वर्षांत तिने त्यावरून पवित्र मुखाचे चित्र रंगवले. १९०९ साली हॉलंडमधील धार्मिक कलेच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पहिले पारितोषिक मिळाले. फोटोवरून चित्र, हा तिचा हातखंडा येथेही चालला. मात्र या वेळी मूळ फोटोही जगापुढे होता, त्यामुळे तुलना करायला प्रत्येकजण मोकळा होता.

एन्लार्जर घराघरांत शिरला तो यानंतर. १९२५ साली जर्मनीचा लायका कॅमेरा बाजारात आला. त्याची निगेटिव्ह अवघी २४ बाय ३६ मिलिमीटर. कॉन्टॅक्ट प्रिंट काढावी तर ती टपाल तिकिटाएवढी. मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याकडे, जेथे १८५४ सालीच मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, हौशी डार्करूम पसरली ती मात्र स्वातंत्र्यानंतर. बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा पुष्कळांना परवडला. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म आणि ब्रोमाइड कागद मिळू लागला. तो कारखाना पुढे बंद पडला. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीला चिंध्या, लाल बल्ब, आणि फळीवर एन्लार्जर. दिवसा आंघोळी, रात्री फोटो.

काम असे चाले. निगेटिव्ह लेपाची बाजू खाली करून चौकटीत बसवायची आणि दिव्याचे डोके वरखाली करून प्रतिमा हवी तेवढी मोठी करायची. लांबी-रुंदी दुप्पट झाली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, म्हणून वेळही वाढवावा लागतो. आधी कागदाच्या पट्टीवर पाच, दहा, पंधरा सेकंदांचे टप्पे देऊन चाचणी घ्यायची. मग पूर्ण कागद. चेहरा फार काळा होत असेल तर तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये हलवत ठेवायची. आकाश कोरे राहत असेल तर तळहातांच्या ओंजळीतून तेवढ्याच भागाला जास्त प्रकाश द्यायचा. नंतर कागद डेव्हलपरच्या तबकात. अर्ध्या मिनिटात आधी केस, मग डोळे उमटू लागतात. उन्हाळ्यात द्रावण तापू नये म्हणून तबकाखाली बर्फाचे पाणी. मग ॲसिटिक आम्लाचे पाणी, मग हायपो. न वापरली गेलेली चांदीची क्षारे हायपोत विरघळतात, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच शोधून ठेवले होते. शेवटी तासभर वाहत्या पाण्यात. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हीच पायरी टाळली जाई, आणि असे फोटो काही वर्षांत पिवळे पडत.

या खोलीत सर्वाधिक वेळा आलेले काम म्हणजे मृताचा फोटो. आजीचा स्वतंत्र फोटो नाही. आहे तो कोणाच्या तरी लग्नाच्या गटातला, मागच्या रांगेत, वाटाण्याएवढा चेहरा. एवढाच चेहरा निवडून मोठा करायचा. चेहरा वाढतो तसे चांदीचे कणही वाढतात आणि आजी जणू वाळूतून पाहू लागते. मग स्टुडिओवाला बारीक पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच्या सुरकुत्यांच्या पारदर्शक रेषा भरतो. त्या कागदावर उजळ होतात आणि आजी वीस वर्षांनी तरुण होते. देव्हाऱ्याशेजारी लावलेल्या कितीतरी तसबिरी अशा आहेत. घरची मंडळी म्हणत, 'किती छान आली!' आणि एखादी शेजारीण हळूच म्हणे, 'पण ही म्हातारी अशी नव्हती हो.' शेजारणीचे बरोबर असे. घरच्यांचेही चुकीचे म्हणवत नाही. कण वाढलेला, धुरकट चेहरा भिंतीवर लावायला कोणाचा जीव होईल? आमचा कौल मात्र एवढाच की पेन्सिल लावण्यापूर्वीची एक प्रत काढून पाकिटात ठेवावी.

लिझ्यूच्या मठाने ते पाकीट जपले होते. काचा नष्ट केल्या गेल्या नाहीत, हे सेलिनचे मोठेपण मान्य केले पाहिजे. तेरेजाची हस्तलिखितेही छपाईपूर्वी पोलिनने बरीच दुरुस्त केली होती; ती मूळ स्वरूपात १९५६ साली, कार्मेलाईट धर्मगुरू फ्रान्स्वा द सेंत-मारी यांच्या परिश्रमांनी प्रसिद्ध झाली. त्यांनीच मग फोटोंचे काम हाती घेतले. सेलिन २५ फेब्रुवारी १९५९ रोजी, ८९ व्या वर्षी वारली. १९६१ साली हात न फिरवलेले फोटो पुस्तकरूपाने बाहेर पडले. त्यात ७ जून १८९७ चे तिन्ही आहेत : तापाने ओढलेला चेहरा, सरळ रोखलेली नजर, आणि हातातली दोन चित्रे.